सांगलीत नदीकाठच्या पाणथळ जागेवर बाग आणि भाजीचे वाफे करायचेत, प्लॅन कसा करू?

हळदवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण अर्धवट वाचून उत्तर देऊ नका प्लीज, खरी अडचण शेवटी आहे.

सांगलीत आमच्या कॉलनीच्या खालच्या अंगाला साधारण सहा एकरांचा खोलगट तुकडा पडून आहे. एकीकडं कृष्णा, एकीकडं नाला, वर आमची घरं. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, दिवाळीपर्यंत चिखल, उन्हाळ्यात वरून भेगाळलेली काळी जमीन आणि तरीही दोन हात खणलं की पाणी लागतंच. पाणकणीस आणि बेशरम माजलंय, एका कोपऱ्यात लोकांनी राडारोडा आणून टाकलाय. पण बगळे, पाणकोंबड्या, खंड्या रोज दिसतात आणि थंडीत सकाळी तिथं नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं.

आता तिथं सार्वजनिक बाग करायचं घाटतंय. मी आर्किटेक्ट आहे पण घरांची, बागेचा काहीच अनुभव नाही, तरी कॉलनीनं कच्चा प्लॅन माझ्याकडं दिलाय. बैठकीत बऱ्याच जणांचं म्हणणं की चार फूट भराव टाका, वर लॉन, जॉगिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक, एक कारंजं, झालं काम. बायकांचं म्हणणं मात्र वेगळं आहे, त्यांना वाफे पाहिजेत. यातल्या निम्म्या जणी शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या, आता दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि कुंडीत कढीपत्ता लावतात. एक काकू म्हणाल्या, मरायच्या आधी एकदा तरी मातीत बसून मेथी खुडायची आहे. मला ते फार लागलं.

माझी भीती २०१९ ची आहे. कृष्णेच्या पुराची पातळी जिथं मोजतात त्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला कितीतरी दिवस पाण्यात होता. भराव टाकला तर इथलं पाणी कुणाच्या घरात जाणार? नाही टाकला तर वाफे दरवर्षी वाहून जाणार. नाल्याच्या कडेची भाजी पोरांना खायला घालायची का? आणि समजा सगळं जमलं तरी मोजके वाफे आणि तिप्पट कुटुंबं, वाटायचे कसे?

मळीचं_रान

ताई भराव टाकू देऊ नका हे पहिलं, बाकीचं नंतर.

आमचं रान नदीकाठालाच हाय, मळीचं, म्हणजे पुराचा गाळ बसणारं. आज्ज्यापासून वांगी करतोय. कृष्णाकाठच्या वांग्याचं जे नाव हाय ते निम्मं तरी गाळाचं हाय. पाणी येतं, बसतं, जाताना बोटभर गाळ ठेवून जातं, त्याच्यावर पहिल्या वर्षी खत टाकायची गरज पडत नाही. तुम्ही म्हणता वाफे वाहून जातील, तर जाऊ द्या की. पावसाळ्यात खालच्या पट्टीत आम्ही काय ठेवतच नाही. नदी चढायला लागली की आधी मोटर वर काढायची, पायपा सोडवायच्या, अवजारं घरी. गणपती झाले, पाणी उतरलं, वाफसा आला (म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, कुदळीला भुसभुशीत झाली) की दसऱ्याच्या मागंपुढं पहिली कुदळ. मेथी, कोथिंबीर, मुळा लगेच, वांगी-गवार त्याच्या मागनं, आणि उन्हाळ्याला काकडी-कलिंगड. वळवाचा पाऊस झाला की आवरायला घ्यायचं. आठ महिने रान आपलं, चार महिने नदीचं. विदर्भात नदीच्या वाळूत डांगरवाड्या घालतात, धरणाचं पाणी मागं हटलं की गाळपेर करतात, ते हेच हाय.

फक्त एक, वाफसा यायच्या आत कुणाला पाय घालू देऊ नका. ओली काळी जमीन तुडवली की वर्षभर ढेकळं काढत बसाल. शहरातल्या माणसाला हे कळत नाही, पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन येतील. आणि हळद खालच्या पट्टीत अजिबात नको, कंदकुज होणार म्हणजे होणारच, ती उंचावर लावा.

दुसरं म्हणजे मगर. तुम्ही सांगलीच्या हाय म्हणजे माहीत असणार पण प्लॅनवाले विसरतात. थंडीत ऊन खायला काठावर येऊन पडती, उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत अंडी घालती. पाण्यापर्यंत पायऱ्या, घाट, सेल्फी पॉइंट असलं काही करू नका. नदीतनं बादलीनं पाणी आणायची वेळ कुणावर येऊ देऊ नका. आणि आत तळं करणार असाल तर पूर ओसरल्यावर वन खात्याच्या माणसाला दाखवल्याशिवाय बाग उघडायची नाही, पुराबरोबर मगर आत येऊन बसलेली असू शकती.

उतार_आणि_निचरा

मी लँडस्केपमध्येच काम करतो, पुण्यात. वरच्या दादांनी जे सांगितलंय तेच खरं तर तुमचं डिझाइन आहे, मी फक्त ते कागदावर कसं आणायचं ते सांगतो.

हळदवाली ताई, पहिलं काम कॉन्टूर सर्व्हे (जमिनीच्या चढउताराचा नकाशा), अर्ध्या फुटाचा, त्यात कंजुषी करू नका कारण पाणथळ जागेत सगळा खेळ अर्ध्या फुटाचाच असतो. आणि साइटवरची प्रत्येक लेव्हल आयर्विनच्या फुटात लिहा. समुद्रसपाटीपासून इतके मीटर म्हटलं की बैठकीतल्या कुणालाच काही कळत नाही, पण ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ही पट्टी ३२ ला बुडते, ही ३८ ला, इथं अवजारांची खोली आहे ती ४५ ला सुद्धा कोरडी, असं नकाशावर रंगवून दाखवलं की निम्मे वाद तिथंच मिटतात. (आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमचे सर्व्हेतून येतील.)

भरावाचं गणित करून दाखवा. एका एकरावर एक फूट पाणी म्हणजे साधारण १२ लाख लिटर. सहा एकरांवर चार फूट भराव म्हणजे जवळजवळ ३ कोटी लिटरची जागा तुम्ही बुजवली. इथं प्रामाणिक राहा मात्र, २०१९ सारख्या महापुरात याचा काही फरक पडत नाही. एक लाख क्युसेकनं नदी वाहत असेल तर ३ कोटी लिटर म्हणजे दहा-अकरा सेकंदांचं पाणी. म्हणून या बागेमुळं पूर थांबेल असं कुणालाही सांगू नका. पण जेव्हा नदी फुगलेली नसते आणि नुसताच दोन तास धो धो पाऊस पडतो, नाला तुंबतो, तेव्हा तेच ३ कोटी लिटर तुमच्या कॉलनीच्या गल्लीत उभे राहतात. तो त्रास दरवर्षीचा आहे आणि तो ही जागा खरंच कमी करू शकते.

कायद्याचंही बघा. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, बाग, मैदान, हलकी पिकं असला उघडा वापर चालतो, पक्कं बांधकाम नाही. निळी ते लाल (लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा पूर) या पट्ट्यात बंधनं घालून काही गोष्टी करता येतात. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडून आधी घ्या, त्यावर तुमचा तुकडा बसवा आणि मगच पेन्सिल हातात घ्या.

डिझाइन म्हणाल तर बाहेरून मातीचा एक ट्रक पण आणायचा नाही, आतली माती आतच फिरवायची. जिथं आधीच पाणी साठतं तिथं अजून थोडं खोल करा आणि ती माती कॉलनीच्या बाजूला उंचवट्यांसाठी वापरा. चीनमध्ये हार्बिनला छुन्ली नावाची ३४ हेक्टरची बाग याच पद्धतीनं केली आहे, कोंगजियान यू यांच्या ऑफिसनं. मधल्या पाणथळीला हातच लावला नाही, फक्त कडेनं तळी आणि टेकाडांची माळ फिरवली, शहराचं पावसाचं पाणी आधी त्या कडेच्या तळ्यांत निवळतं आणि मग मध्ये जातं. माणसं कडेनं आणि वरच्या पुलांवरून फिरतात. तुमच्याकडं पैसे त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही नसतील पण विचार तोच ठेवा.

काळ्या मातीत उभी रिटेनिंग वॉल बांधू नका, ओलीत फुगते, उन्हात आकसते, भिंत दोन-तीन पावसाळ्यांत पोट काढते. एकास तीन किंवा त्याहून सपाट उतार द्या आणि काठ झाडांच्या मुळांनी धरा. वाळुंजाची हिरवी फांदी ओल्या काठात खोवली तरी रुजते. मेक्सिकोत सोचिमिल्कोला दलदलीत चर खणून मधे शेतीचे उंच पट्टे करतात, शेकडो वर्षांची पद्धत आहे, त्यांच्या कडा धरायला ते लोक वाळुंजाच्याच जातीचं झाड लावतात. वाळुंजाच्या मागं करंज, उंबर, जांभूळ, अर्जुनसादडा. निलगिरी आणि सुबाभूळ कुणी फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका.

रस्ते मुरमाचे. बाकं म्हणजे काळ्या दगडाचे जड ठोकळे, पुरात तरंगून जाण्यासारखं काही नको. रेलिंग प्रवाहाला आडवं लावलं की त्यात ऊस, पाचट, प्लास्टिक अडकतं आणि सगळंच उखडून जातं, म्हणून जिथं लावाल तिथं काढता-घालता येईल असं करा. लाइटचा पॅनेल कॉलनीच्या उंचीवर. कंपोस्टचा खड्डा पण वरच, नाहीतर पहिल्याच पुरात सगळं नदीत.

काळी_माती

भाजी खाण्यालायक होईल का, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून त्यावरच लिहिते. माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलंय मी.

नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात. त्यात सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, जस्त-लोह वगैरे येतं, पण शिसं आणि कॅडमियम येत नाही. तुम्हाला ते वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून करून घ्यावं लागेल. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल एवढं तरी कराच. आणि सहा एकरांचा एकच नमुना काढू नका. नाल्याकडचा वेगळा, नदीकडचा वेगळा, राडारोड्याच्या कोपऱ्याचा वेगळा, कारण जुन्या रंगातलं शिसं तिथंच सापडायची शक्यता जास्त. प्रत्येक भागातून आठ-दहा ठिकाणची माती घेऊन मिसळा, वरची अर्धा फूट आणि त्याखालची अर्धा फूट वेगवेगळी. मोठा पूर येऊन गेला की परत तपासणी, कारण गाळ नवीन आहे म्हणजे माती नवीन आहे.

कॅडमियम पालेभाजीत लवकर चढतं, पालक-माठ त्यात पुढं. वांगी, भेंडी, टोमॅटो, दोडका अशा फळभाज्यांत ते बरंच कमी उतरतं. शिसं मुळांतून वर फार चढत नाही, पण मातीच्या कणांसकट पानांना आणि मुळा-गाजराला चिकटून पोटात जातं, म्हणून धुणं महत्त्वाचं. रिपोर्ट थोडा जरी शंकास्पद आला तर त्या भागात पालेभाजी बंद आणि उंच वाफे करून बाहेरची तपासलेली माती. (हे भरावात मोजू नका, दहा-वीस वाफ्यांची माती म्हणजे काही नाही.) आणि रिपोर्ट वाईटच आला तर तिथं खायचं काही नको, फुलं लावा, झेंडू-शेवंतीला दसऱ्यापासून गिऱ्हाईक आहेच. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये यमुनेच्या पूरमैदानात खायची पिकं घ्यायलाच बंदी घातली होती, ती याच कारणानं. तिथं पोट शेतीवर असलेल्या कुटुंबांचे फार हाल झाले ते वेगळं, पण विषाची भीती खोटी नव्हती.

नाल्याचं पाणी वाफ्याला द्यायचं नाही, एकदा पण नाही. त्या काठाला अळू फार जोमानं येईल आणि कुणालातरी मोह होईल, तिथं स्पष्ट पाटी लावा. नाल्याच्या तोंडाशी कर्दळ आणि पाणकणीस दाट लावून पाणी त्यातून संथ जाऊ द्या, बरीच घाण तिथं बसते, पण ती झाडं कापून जनावरांना घालायची नाहीत आणि कंपोस्टमध्ये पण नाहीत.

क्षाराकडंही लक्ष ठेवा. ऊसपट्ट्यात चिबड झालेली रानं तुम्ही पाहिलीच असतील, पाणी उथळ असलं की उन्हाळ्यात क्षार वर येतात आणि पांढरा थर धरतो. त्यासाठी फार लांब जायला नको, तुमच्या जवळच कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, अशा जमिनींवर तिथं बरंच काम झालंय, एकदा माती घेऊन भेटा. पहिल्या हंगामात सरळ धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलायच्या आत गाडा. काकूंना मेथीची घाई असेल, पण एक हंगाम थांबायला सांगा.

हळदवाली

बापरे, इतकं सविस्तर. मनापासून आभार. मळीच्या दादा, "चार महिने नदीचं" हे मी आजच आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे बैठकीत पहिल्यांदा सांग. मगरीचं मला माहीत असून प्लॅनमध्ये नव्हतं, नदीकडं तीन पायऱ्या काढल्या होत्या मी, खोडल्या.

वाटपाचं कुणी सांगेल का? ते मला मातीपेक्षा अवघड वाटतंय.

बोस्टनची_मेथी

ताई मी मूळची मिरजेची, आता बोस्टनला. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण मी गेली काही वर्षं अगदी अशाच जागेत भाजी करतेय. नदीचं नाव मडी रिव्हर, म्हणजे चिखलाचीच नदी. बॅक बे फेन्स, यातल्या फेन्सचा अर्थच दलदल. भरती-ओहोटीची पाणथळ होती, शहराचं सांडपाणी तिथं साचून घाण वास मारायची, १८७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडनं पुराचं पाणी धरायची जागा आणि फिरायची जागा असं दोन्ही मिळून तिथं डिझाइन केलं. पण १९१० मध्ये पुढच्या चार्ल्स नदीवर धरण झालं, खारं पाणी यायचं थांबलं आणि त्यानं योजलेली खाऱ्या दलदलीतली झाडं गेली. पुढं बराच भाग भरावाखाली गेला, उरलेल्या काठावर नळ नावाचं उंच गवत माजलं, काही ठिकाणी नदी पाइपात घातली. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये ही एवढीशी नदी फुगून भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरली. मग पुढं पुष्कळ पैसे घालून पाइपातली नदी परत उघडी केली. भरावाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हे जरूर सांगा, बुजवलेलं पाणी शेवटी उकरावंच लागलं.

त्याच बागेत १९४२ मध्ये, युद्धात भाजीची टंचाई होती म्हणून, लोकांना वाफे दिले. ते आजही चालू आहेत, सात-एक एकरांत ५०० च्या वर वाफे. जागा शहराच्या उद्यान खात्याची, पण रोजचा कारभार वाफेवाल्यांचीच संस्था बघते. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे, वाफा कुणाच्या मालकीचा होत नाही, दरवर्षी थोडी फी भरून नवा करायचा. प्रतीक्षा यादी सगळ्यांना दिसेल अशी. हंगाम सुरू झाल्यावर ठरलेल्या तारखेपर्यंत वाफा हलता दिसला नाही तर आधी निरोप, मग यादीतल्या पुढच्याला. आजारपण, बाळंतपण असेल तर सांगायचं, शेजारचे पाणी घालतात. सामायिक कामाचे तास प्रत्येकानं द्यायचे, पायवाट साफ करणं, कंपोस्ट उलटणं वगैरे.

तुमच्या बाबतीत तर नदीच दरवर्षी पाटी कोरी करणार आहे! आमचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, तुमचा ऑक्टोबर ते मे. दसऱ्याच्या आधी चिठ्ठ्या टाका, खालचे वाफे आठ महिन्यांसाठीच द्या, जूनला ते आपोआप परत. "माझा वाफा" म्हणून कुंपण घालून बसायला कुणाला जागाच उरत नाही. वरचे उंच वाफे मोजके असतील, ते ज्यांना खाली वाकता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना आणि व्हीलचेअरवाल्यांना राखून ठेवा, मांडीएवढ्या उंचीचे करा. आणि छोटे ठेवा ताई. सुरुवातीला सगळे मोठा वाफा मागतात आणि दुसऱ्या महिन्यात अर्धा तणानं भरतो. दहा बाय दहा फुटात चार माणसांच्या घराला मेथी-कोथिंबीर पुरून उरते.

अजून एक, सार्वजनिक बाग आहे तर वाफ्यांमधून लोकांना फिरता आलं पाहिजे. आमच्याकडं संध्याकाळी अनोळखी लोक थांबून विचारतात हे काय लावलंय, मी मेथी खुडून हातात देते. वाफे कुलपात ठेवले की बाकीच्या शहराला ती जागा परकी होते.

पाणकोंबडी

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक मनापासूनची कळकळ. सहा एकरांतल्या निदान दोन एकरांत काहीही करू नका. वाफे नाही, पायवाट नाही, दिवे तर मुळीच नाहीत. नदी आणि नाला मिळतात तो कोपरा असेल तर तोच. बेशरम मात्र काढा, मुळासकट, ते कापून भागत नाही. पाणकणीस सगळं काढू नका, पाणकोंबड्या त्यातच घरटी करतात, पावसाळ्यात तर हात लावूच नका.

डासांचा मुद्दा बैठकीत येणारच. डास जास्त करून होतात ते तुंबलेल्या गटारात, टायरमध्ये, नारळाच्या करवंट्यांत, राडारोड्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात. मासे आणि चतुरांच्या अळ्या असलेल्या जित्या तळ्यात त्यांचं फार काही चालत नाही. म्हणजे राडारोडा उचलणं हेच डासांवरचं पहिलं काम, तळं बुजवणं नाही.

हळदवाली

पाणकोंबडी, संगमाचा कोपरा सोडला, दोन एकर. नकाशावर तिथं काहीच काढलेलं नाही, नुसतं "पाणी" लिहिलंय.

आता असं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात सर्व्हेवाला येतोय आणि सगळ्या लेव्हल आयर्विनच्या फुटात मांडणार. मातीचे तीन भागांतले नमुने मी आणि दोन काकू मिळून काढणार, रिपोर्ट येईपर्यंत कुणालाही वाफ्याचा शब्द देणार नाही. यंदा धैंचा. कॉलनीच्या बाजूला उंचवटे, त्यावर वीस उंच वाफे, खाली दसरा ते मे चे साठ, दहा बाय दहाचे. लॉनवाल्यांसाठी वरच्या अंगाला पोरांना खेळायला एक मोकळं मैदान ठेवलंय, तेही मुसळधार पावसात पाणी धरेल असं थोडं खोलगट. पाणी आमच्या तीन इमारतींच्या गच्चीवरचं साठवायचं बघतेय, ते जूनपर्यंत पुरणार नाही हे माहीत आहे, म्हणून बोअरचं पाणी पण तपासायला देते.

मळीच्या दादा, तुम्ही सांगलीच्याच आसपास असाल तर बैठकीला याल का? वाफसा म्हणजे काय हे माझ्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं लोक ऐकतील.

मळीचं_रान

येतो की. तारीख कळवा. येताना वांग्याचं घरचं बी घेऊन येतो, यंदा नाही तर पुढच्या दसऱ्याला लावा.